ॲक्सेसमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग: थकबाकीची ओळ लाल करायची, पण नेमकी तीच

एक्सेलमध्ये हात बसलेला माणूस मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये फॉर्म बनवायला बसला की कंडिशनल फॉरमॅटिंगपाशी, म्हणजे अट खरी ठरली की आपोआप रंग देण्याच्या सोयीपाशी, हमखास अडखळतो. एक तर रंग येतच नाही, नाहीतर सगळ्या ओळी एकदम लाल होतात. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. रंग येतो, देखणा दिसतो, पण चुकीच्या माणसाच्या नावावर येतो.

तिसऱ्या प्रकाराचा मला एकदा चांगलाच फटका बसला. एका हाउसिंग सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत मी नियम लावला होता: शेरा ‘जमा’ नसेल तर ओळ लाल. नोंदी करणाऱ्याने काही ठिकाणी ‘जमा झाले’ लिहिलं होतं, काही ठिकाणी ‘भरले’. यादी छापून फलकावर लागली आणि वेळेवर पैसे भरणारे एक काका लाल पट्ट्यात झळकले. नियमात चूक नव्हती, त्याने जे विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून उदाहरण तेच घेतो: सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चाची नोंद. पतपेढी, वाचनालय, क्लासची फी, काहीही असलं तरी पायऱ्या त्याच.

एक सूचना आधीच. या लेखात फंक्शनची नावं आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. ॲक्सेसमध्ये टाइप करताना दोन्ही इंग्रजीतच टाकायचे: नाऊ म्हणजे Now, डेट म्हणजे Date, एनझेड म्हणजे Nz, इझनल म्हणजे IsNull (जागा रिकामी आहे का?), आयआयएफ म्हणजे IIf (अट खरी असेल तर पहिलं उत्तर, नाहीतर दुसरं), डेटसिरीयल म्हणजे DateSerial. फील्डची नावं मात्र देवनागरीत चालतात.

## टप्पा १: आधी कागद

माउसला हात लावण्यापूर्वी एका कागदावर लिहा की रंग कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. प्रश्न एकच हवा. ‘बिल किती थकलंय?’ हा एक प्रश्न. ‘सदस्य भाडेकरू ठेवतो का?’ हा दुसरा. दोन्ही एकाच ओळीच्या रंगात कोंबलेत तर लाल म्हणजे काय, हे चार दिवसांनी तुम्हालाच आठवणार नाही.

मग उत्तरं लिहा. आमच्या यादीत पाच निघाली:

- बाकी नाही: रंग नाही
- बाकी आहे, पण मुदत संपलेली नाही: रंग नाही
- मुदत संपून ९० दिवसांपर्यंत: फिकट पिवळा
- ९० दिवसांच्या वर: फिकट लाल आणि ठळक अक्षर
- देय दिनांकच लिहिलेला नाही: राखाडी

शेवटचं उत्तर बहुतेक जण विसरतात. माहितीच अपुरी असेल तर ओळ बिनरंगी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं आलबेल आहे.

तपासा: सीमेवरचा दिवस कुठे धरला? देय दिनांक आजचाच असेल तर थकलं की नाही? बरोबर ९० वा दिवस पिवळा की लाल? हे कमिटीला विचारून कागदावर लिहून घ्या. हा निर्णय डेटाबेस बनवणाऱ्याचा नाही.

## टप्पा २: टेबलातला माल निवडून घ्या

कंडिशनल फॉरमॅटिंग टेबलावर लागत नाही. ते लागतं फॉर्मवर आणि रिपोर्टवर, तेही टेक्स्ट बॉक्स आणि कॉम्बो बॉक्स यांनाच. लेबल, चेक बॉक्स, लिस्ट बॉक्स यांना नाही. टेबल उघडून मेनूत शोधत बसू नका. पण रंग बरोबर यायला हवा असेल तर टेबल आधी साफ हवं. चार गोष्टी बघा.

रकमेच्या फील्डचा प्रकार करन्सी ठेवा. नंबरमधला डबल प्रकार दशांश अगदी तंतोतंत साठवत नाही. पैशांची वजाबाकी शून्य यायला हवी तिथे शून्याच्या किंचित वर काहीतरी उरतं, आणि ‘बाकी शून्यापेक्षा जास्त’ हा नियम पूर्ण भरलेल्या बिलालाही लागतो. स्क्रीनवर तर ०.०० दिसत असतं. शोधून शोधून डोकं पिकतं.

देय दिनांकात वेळ शिरू देऊ नका. डीफॉल्ट व्हॅल्यूमध्ये नाऊ() लिहिलंत तर तारखेबरोबर तास-मिनिटंही साठतात आणि ‘आजची तारीख’ आजच्या तारखेशी जुळत नाही. तिथे डेट() लिहा.

फील्डच्या नावात टिंब चालत नाही. ‘सदनिका क्र.’ हे आपल्या सवयीचं नाव ॲक्सेस स्वीकारत नाही. मी सरळ सदनिका, सदस्य, देय_दिनांक, बिल_रक्कम, भरलेली_रक्कम अशी नावं ठेवतो. पुढे व्हीबीए या ॲक्सेसमधल्या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहायचा बेत असेल तर मात्र नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. कोडच्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

चौथी गोष्ट कॉम्बो बॉक्सची. स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसतं, पण टेबलात साठलेलं असतं २. कारण बाउंड कॉलम आयडीचा असतो आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं. अशा फील्डवर ‘प्रलंबित’शी तुलना करणारा नियम कधीच खरा ठरणार नाही. तुलना २ शी करा.

## टप्पा ३: निर्णय क्वेरीत घ्या, रंग फॉर्मवर द्या

लेखातलं एवढं एकच पाळलंत तरी अर्धी कटकट संपेल. नियमाच्या चौकटीत लांबलचक सूत्र लिहू नका. तिथे ते नीट दिसत नाही, तपासता येत नाही, आणि चुकलं तर बऱ्याचदा ॲक्सेस काही बोलतही नाही, नुसता रंग येत नाही. क्वेरीत, म्हणजे टेबलातून हवी ती माहिती काढून हिशेब मांडणाऱ्या यादीत, तो केलात तर उत्तर डोळ्यांनी दिसतं.

नवी क्वेरी बनवा, टेबलातली फील्ड घ्या आणि पुढच्या तीन रिकाम्या कॉलमांत हे लिहा:

बाकी: एनझेड([बिल_रक्कम],०)-एनझेड([भरलेली_रक्कम],०)

दिवस: डेट()-[देय_दिनांक]

स्थिती: आयआयएफ([बाकी]<=०,०,आयआयएफ(इझनल([देय_दिनांक]),९,आयआयएफ([दिवस]>९०,३,आयआयएफ([दिवस]>०,२,१))))

कागदावरच्या पाच उत्तरांना पाच अंक मिळाले: भरलेलं ०, मुदतीत १, थकलेलं २, जुनं थकलेलं ३, तारीख नसलेलं ९.

एनझेड कशाला? भरलेली रक्कम रिकामी असेल तर वजाबाकीचं उत्तरही रिकामंच येतं, शून्य नाही. ज्याने एक पैसाही भरला नाही, नेमकी त्याचीच ओळ बिनरंगी राहते. एनझेडने रिकाम्या जागेला शून्य धरलं की हे टळतं. आगाऊ भरणाऱ्याची बाकी उणे येईल, म्हणून पहिली अट ‘शून्य किंवा कमी’ अशी आहे. आणि इझनलची अट दिवसांच्या अटींच्या आधी हवी. मागे टाकलीत तर तारीख नसलेली ओळ शेवटच्या १ मध्ये जाऊन पडेल.

सावधान: सूत्रात ठरावीक तारीख लिहायची वेळ आली तर डेटसिरीयल(२०२५,४,५) असं लिहा. क्वेरीच्या एसक्यूएल व्ह्यूमध्ये आणि कोडमध्ये ॲक्सेस तारीख अमेरिकन पद्धतीने वाचतो, आधी महिना. तिथे ०५/०४/२०२५ म्हणजे ४ मे होते. २५/०४/२०२५ मात्र तो २५ एप्रिलच धरतो, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे महिन्यातल्या काही तारखा बरोबर, काही चूक. अशी चूक सापडायला आठवडे लागतात.

सावधान: या क्वेरीत टोटल्सची ओळ लावू नका. लावलीत की क्वेरी फक्त बघण्यापुरती उरते, फॉर्ममधून नोंद बदलता येत नाही.

तपासा: क्वेरी चालवा आणि स्थितीचा कॉलम वरून खाली वाचा. इथे एक जरी अंक चुकीचा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पहिला नियम एकाच बॉक्सवर

फॉर्मची प्रत काढून ठेवा. डावीकडच्या यादीत फॉर्म निवडून कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. मग फॉर्मचा रेकॉर्ड सोर्स (फॉर्म माहिती जिथून घेतो ते) ही नवी क्वेरी करा आणि स्थिती हे फील्ड फॉर्मवर आणा. सध्या ते दिसू दे, नंतर लपवू.

१. फॉर्म डिझाइन व्ह्यू किंवा लेआउट व्ह्यूमध्ये उघडा आणि बाकी दाखवणारा टेक्स्ट बॉक्स निवडा.
२. वरच्या फॉरमॅट टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंगचं बटण आहे, ते दाबा. रूल्स मॅनेजर उघडेल. वरच्या यादीत ‘बाकी’ निवडलेलं आहे ना, ते बघा.
३. न्यू रूल दाबा. वरचा प्रकार राहू द्या, चालू रेकॉर्ड तपासणारा. खालचा प्रकार डेटा बारचा आहे, आपल्याला तो नको.
४. डावीकडच्या खोक्यात फील्ड व्हॅल्यू इज असं असतं. ते बदलून एक्स्प्रेशन इज करा.
५. शेजारी लिहा: [स्थिती]=३
६. पार्श्वभूमी फिकट लाल, अक्षर काळं आणि ठळक. ओके, पुन्हा ओके.

चौथ्या पायरीत लोक घसरतात. फील्ड व्हॅल्यू इज म्हणजे ज्या बॉक्सला नियम लावताय त्याच बॉक्सची किंमत. ‘बाकी’ या बॉक्सवर ‘३ बरोबर’ असं लिहिलंत तर ज्याची बाकी तीन रुपये आहे तोच लाल होईल. दुसऱ्या फील्डवरून ठरवायचं असेल तर एक्स्प्रेशन इज लागतंच. तिथे सुरुवातीला बरोबरचं चिन्ह टाकायचं नाही, ती एक्सेलची सवय.

तपासा: ओके केल्यावर नियम पुन्हा उघडा. कंस विसरलात तर ॲक्सेस कधी कधी फील्डच्या नावाभोवती गुपचूप अवतरणचिन्हं घालतो. मग ते फील्ड राहत नाही, नुसता शब्द होतो.

## टप्पा ५: क्रम

एक्सेलमध्ये दोन नियम खरे ठरले तर दोन्ही लागू शकतात, एकाचा रंग आणि दुसऱ्याचं ठळक अक्षर. ॲक्सेस तसं करत नाही. तो वरून खाली येतो, पहिला खरा ठरलेला नियम लावतो आणि तिथेच थांबतो.

समजा तुम्ही क्वेरीचा रस्ता न घेता थेट नियम लिहिलेत: वर [दिवस]>०, पिवळा; खाली [दिवस]>९०, लाल. एकशे वीस दिवस थकलेलं बिल पहिल्याच नियमात अडकतं, पिवळं होतं आणि लालपर्यंत पोचतच नाही. यादी पिवळीधमक दिसते, कमिटीला वाटतं फार जुनं कुणाचं नाही. असे नियम असतील तर मॅनेजरमधल्या बाणांनी कडक अट वर सरकवा.

स्थितीचे अंक वापरलेत तर ही भानगडच राहत नाही, कारण एका ओळीला एकच अंक. तरीही मी ३, २, ९ याच क्रमाने लावतो. पुढे दुसऱ्या कुणी मध्ये एखादा नियम घुसवला तर कडक अट वरच असलेली बरी.

किती नियम लावता येतात? ॲक्सेस २००७ पर्यंत एका बॉक्सला तीनच. २०१० पासून ५०. जुन्या मशीनवर काम असेल तर आपले तीन नियम कसेबसे बसतात.

## टप्पा ६: अख्खी ओळ रंगवणे

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हा. आणि उत्तर शोधताना बरेच जण कोडकडे वळतात. फॉर्मच्या ऑन करंट इव्हेंटमध्ये (एका नोंदीवरून दुसरीवर गेलं की चालणाऱ्या कोडमध्ये) बॅककलर बदलतात आणि मग सगळ्या ओळी लाल. कारण साधं आहे. कंटिन्युअस फॉर्मवर, म्हणजे नोंदी एकाखाली एक दाखवणाऱ्या फॉर्मवर, पन्नास ओळी दिसल्या तरी टेक्स्ट बॉक्स एकच असतो, तोच पन्नासदा रंगवून दाखवलेला. त्याचा रंग बदलला की पन्नासही बदलले. ओळीगणिक वेगळा रंग हवा तर कंडिशनल फॉरमॅटिंगच.

सोपा मार्ग: ओळीतले सगळे बॉक्स शिफ्ट दाबून एकत्र निवडा आणि नियम एकदाच लावा. सगळ्यांना लागतो. पण बॉक्सच्या मधल्या फटी पांढऱ्या राहतात आणि ओळ ठिगळं लावल्यासारखी दिसते.

सलग पट्टी हवी असेल तर असं करा:

१. डीटेल भागात (प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा दिसणाऱ्या भागात) एक नवा टेक्स्ट बॉक्स टाका, ओळीच्या पूर्ण रुंदीचा आणि पूर्ण उंचीचा. त्याचं लेबल काढून टाका. कंट्रोल सोर्स रिकामा. नाव द्या: मागची_पट्टी.
२. प्रॉपर्टी शीटमध्ये एनेबल्ड ‘नो’, लॉक्ड ‘येस’, टॅब स्टॉप ‘नो’. पहिल्या दोन्ही एकत्र करा. नुसतं एनेबल्ड बंद केलंत तर बॉक्स मलूल राखाडी दिसतो. आणि एनेबल्ड चालूच ठेवलंत तर क्लिक होताच पट्टी पुढे येऊन सगळी ओळ झाकते.
३. अरेंज टॅबवरून सेंड टू बॅक.
४. बाकी सगळ्या बॉक्सचा बॅक स्टाइल ट्रान्सपरंट करा.
५. आता तिन्ही नियम या पट्टीवर लावा. ‘बाकी’ या बॉक्सवर आधी लावलेला नियम काढून टाका.
६. प्रत्येक नियमात रंगांच्या शेजारी एनेबल्डचं छोटं बटण असतं, ते बंद करा. नाहीतर नियम लागू झालेल्या ओळीत पट्टी पुन्हा जिवंत होते.

पट्टीवर ठळक अक्षराचा उपयोग नाही, तिच्यात अक्षरच नाही. ठळकपणा हवा असेल तर सदस्याच्या नावावर [स्थिती]=३ चा वेगळा नियम लावा, पार्श्वभूमी न बदलता.

डीटेल भागाचा अल्टरनेट बॅक कलरही काढून टाका. एक आड एक ओळ आधीच राखाडी असेल तर तारीख नसलेल्या ओळीची राखाडी कुणाच्या लक्षात येणार? आणि एखाद्या पारदर्शक बॉक्समध्ये क्लिक केल्यावर तेवढाच तुकडा पांढरा होतो, तिथे काही बिघडलेलं नाही. बाहेर पडलात की पट्टी परत दिसते.

## टप्पा ७: आठ खोट्या नोंदी

खऱ्या यादीवर तपासू नका. खऱ्या यादीत सीमेवरच्या केस नेमक्या त्या दिवशी नसतात. अख्ख्या डेटाबेस फाइलची प्रत काढा (नुसत्या फॉर्मच्या प्रतीतल्या नोंदी खऱ्या टेबलातच जातात) आणि तिच्यात आठ खोट्या नोंदी घाला:

- पूर्ण भरलेलं
- जास्त भरलेलं
- भरलेली रक्कम रिकामी, मुदत कालची
- देय दिनांक रिकामा, बाकी आहे
- देय दिनांक आजचा
- देय दिनांक कालचा
- बरोबर ९० दिवसांपूर्वीचा
- ९१ दिवसांपूर्वीचा

पहिल्या दोन आणि पाचवी बिनरंगी, चौथी राखाडी, तिसरी, सहावी आणि सातवी पिवळी, आठवी लाल. एकही वेगळी आली तर आधी स्थितीचा अंक बघा. अंक चुकलाय तर क्वेरीत जा, अंक बरोबर असून रंग चुकलाय तर नियमात. स्थिती फॉर्मवर दिसती ठेवायला सांगितली ती यासाठीच. काम झालं की तिची व्हिजिबल प्रॉपर्टी ‘नो’ करा.

रक्कम बदलून रंग बदलतो का, हेही पाहा. पण ओळ सेव्ह होईपर्यंत निष्कर्ष काढू नका, शिफ्ट-एंटर दाबा. रात्रभर उघडा राहिलेला फॉर्म सकाळी कालचीच तारीख धरून बसलेला असू शकतो. शिफ्ट-एफ९ने तो ताजा होतो.

## टप्पा ८: रिपोर्ट आणि छपाई

रिपोर्टवर नियम लावायची पद्धत तीच, फसगत वेगळी. रिपोर्टवर जे फील्ड कुठेच ठेवलेलं नाही ते ॲक्सेस मागे टाकून देऊ शकतो, जरी ते क्वेरीत असलं तरी. म्हणून नियम [स्थिती] विचारतो आणि त्याला ती सापडत नाही. रिपोर्टच्या डीटेल भागात स्थितीचा लहानसा टेक्स्ट बॉक्स ठेवा आणि लपवा.

दुसरं, ऑफिसातला प्रिंटर बहुधा काळा-पांढरा असतो. स्क्रीनवरचा पिवळा आणि लाल कागदावर दोन जवळजवळ सारखे राखाडी होतात. लाल-हिरव्यात फरक न दिसणारी माणसंही कमिटीत असू शकतात. छापायच्या रिपोर्टमध्ये रंगावर विसंबू नका. क्वेरीत आणखी एक कॉलम करून ३ साठी ‘९० दिवसांवर’, २ साठी ‘मुदत संपली’ असं लिहून ते शब्दच छापा. आणि ती यादी फलकावर लावण्याआधी एकदा पावत्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहा. त्या काकांची माफी मागायला मला तीन मजले चढून जावं लागलं होतं, लिफ्ट बंद होती.

## रंग येतच नसेल तर, याच क्रमाने बघा

१. अवतरणचिन्हं वर्डमधून चिकटवलेली, वळणदार आहेत का? पुसा आणि कीबोर्डवरून साधी टाका.
२. फील्डचं नाव मध्ये कधी बदललंत का? नियमातलं नाव आपोआप बदललं असेल असं धरून चालू नका. नियम उघडून हाताने दुरुस्त करा.
३. सूत्र असलेल्या टेक्स्ट बॉक्सचं नाव आणि सूत्रातल्या फील्डचं नाव एकच आहे का? मग बॉक्स स्वतःलाच विचारत बसतो आणि एरर दाखवतो. बॉक्सचं नाव बदला.
४. नियम दुसऱ्याच बॉक्सवर लागलाय का? मॅनेजरच्या वरच्या यादीतून एकेक बॉक्स निवडून पाहा.
५. फॉर्म सरकवताना रंग लुकलुकतोय, उशिरा येतोय? नियमात डीलुकअप किंवा डीसम (टेबलात जाऊन किंमत किंवा बेरीज आणणारी फंक्शनं) आहे का बघा. ते प्रत्येक दिसणाऱ्या ओळीसाठी पुन्हा पुन्हा चालतं. टेबल क्वेरीत जोडा आणि फंक्शन काढून टाका.

रंग आला म्हणून नोंद अडत नाही, हेही धरून चाला. लाल ओळीतही कुणीही काहीही टाइप करू शकतो. उणे रक्कम किंवा पुढच्या वर्षीची तारीख टाकूच द्यायची नसेल तर टेबलाच्या व्हॅलिडेशन रूलमध्ये अट घाला.